मर्यादित खर्चातील घरगुती गोल्फ सिम्युलेटर : मापनाचे विज्ञान आणि मांडणीचा विचार

सारांश

गोल्फ हा विस्तीर्ण मैदान, अनुकूल हवामान आणि मोठा खर्च यांवर अवलंबून असणारा खेळ मानला जातो. चेंडूच्या सुरुवातीच्या गतीचे मापन करून त्याच्या पुढील प्रवासाचे गणित मांडणारी उपकरणे अलीकडे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्याने हा समज काही अंशी बदलू लागला आहे. प्रस्तुत लेखात अशा घरगुती सिम्युलेटरमागील भौतिकशास्त्रीय तत्त्वे, मापनपद्धतींच्या मर्यादा, जागेची गरज, सुरक्षितता आणि खर्चाचा अग्रक्रम यांचे विवेचन केले आहे. मर्यादित खर्चात प्रथम सुरक्षितता, नंतर शरीराची काळजी, त्यानंतर मापन आणि सर्वांत शेवटी दृश्यपरिणाम हा क्रम योग्य ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

चार भिंतींच्या आत गोल्फच्या फटक्याचे मापन करण्याची कल्पना संगणकाच्या आधीची आहे. एडिंबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फ चेंडूच्या उड्डाणाचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यांचे चिरंजीव फ्रेडरिक टेट हे नामांकित गोल्फपटू होते. १८९६ आणि १८९८ या वर्षी त्यांनी ब्रिटिश हौशी अजिंक्यपद पटकावले. टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधून तो थोड्याच अंतरावरील मातीच्या लक्ष्यावर मारावयास लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजून चेंडूच्या फिरकीचे मान काढले. चेंडूचा वेग काढण्यासाठी त्यांनी क्षेपणवेगमापक लंबकाचा आधार घेतला. चेंडूचे संपूर्ण उड्डाण न पाहता केवळ सुरुवातीच्या काही फुटांवरून त्याचा पुढील प्रवास जाणावयाचा, हेच आजच्या सिम्युलेटरचेही मूलतत्त्व आहे.

अमेरिका व कॅनडा या देशांच्या उत्तर भागांत हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात. त्यामुळे तेथील घरांच्या तळघरांत आणि मोटारीच्या गॅरेजमध्ये असे सिम्युलेटर उभारण्याची प्रथा रुजली. व्यावसायिक दर्जाच्या रडार यंत्राची किंमत वीस हजार डॉलरांहून अधिक असल्याने हा छंद दीर्घकाळ श्रीमंतांपुरता मर्यादित होता. २०२१ मध्ये ‘गार्मिन ॲप्रोच आर-१०’ हे लहान रडार यंत्र सुमारे ६०० डॉलर किमतीस बाजारात आले आणि या परिस्थितीत लक्षणीय बदल झाला. तथापि यंत्र स्वस्त झाले म्हणजे मांडणी सुरक्षित आणि मापन विश्वसनीय झाले, असे मानता येत नाही. या दोन्ही प्रश्नांचा विचार येथे अभिप्रेत आहे.

१. चेंडूच्या उड्डाणाचे भौतिकशास्त्र

नियमांनुसार गोल्फ चेंडूचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. चेंडूचे उड्डाण मुख्यतः चार बाबींवरून ठरते : सुरुवातीचा वेग, क्षितिजाशी होणारा कोन, डावी-उजवी दिशा आणि फिरकी. यांपैकी फिरकीचे महत्त्व एका साध्या गणिताने स्पष्ट होते.

व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरने मारलेल्या चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर आणि कोन सुमारे ११ अंश असतो. निर्वात अवस्थेतील प्रक्षेप्याच्या सूत्रानुसार असा चेंडू सुमारे २१५ मीटरवर पडावयास हवा. प्रत्यक्षात तो हवेतून सुमारे २५० मीटर अंतर कापतो. हवेचा रोध असतानाही चेंडू निर्वातापेक्षा दूर जातो, ही बाब प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तिचे कारण उलट्या फिरकीत आहे. चेंडूची वरची बाजू मागे फिरत असल्याने त्याच्याभोवतीचा हवेचा प्रवाह खाली वळविला जातो आणि प्रतिक्रिया म्हणून चेंडूवर वरच्या दिशेने बल कार्य करते. हाच मॅग्नस परिणाम होय. चेंडूच्या पृष्ठभागावरील खळग्यांमुळे हवेचा रोध घटतो आणि या परिणामास साहाय्य होते. फिरकीचा अक्ष कललेला असेल तर हेच बल चेंडूला डावीकडे किंवा उजवीकडे वळविते.

यावरून असे दिसते की, ज्या यंत्रास फिरकी नीट मोजता येत नाही, त्याने पडद्यावर दाखविलेले अंतर आणि वळण हे कमीअधिक प्रमाणात अनुमानच असते.

२. मापनाच्या दोन पद्धती

(अ) रडार पद्धत : या पद्धतीत यंत्र चेंडूच्या मागे ठेवले जाते. दूर जाणाऱ्या चेंडूवरून परावर्तित झालेल्या लहरींच्या वारंवारतेत डॉप्लर परिणामामुळे फरक पडतो. उदाहरणार्थ, २४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरल्यास सेकंदाला ७० मीटर वेगाच्या चेंडूमुळे सुमारे ११,२०० हर्ट्झचा फरक पडतो. तो सहज मोजता येत असल्याने वेगाच्या मापनात ही पद्धत भरवशाची आहे.

फिरकीच्या बाबतीत मात्र घरातील अपुरी जागा आड येते. चेंडूपासून पडदा २.४ मीटर, म्हणजे सुमारे ८ फूट अंतरावर असेल, तर ७० मीटर वेगाचा चेंडू ०.०३४ सेकंदात पडद्यावर आदळतो. ड्रायव्हरच्या फटक्यात फिरकी मिनिटाला सुमारे २,७०० फेऱ्यांची असते. म्हणजे यंत्रापुढे चेंडूची जेमतेम दीड फेरी पूर्ण होते. सात क्रमांकाच्या आयर्नच्या फटक्यात मिनिटाला सुमारे ७,००० फेऱ्या आणि तुलनेने कमी वेग असल्याने सुमारे पाच फेऱ्या मिळतात. साहजिकच आयर्नच्या तुलनेत ड्रायव्हरच्या फिरकीचे घरातील मापन अधिक कठीण ठरते. यावर उपाय म्हणून चेंडूवर धातूची लहान चकचकीत टिकली चिकटविली जाते. टायटलिस्ट कंपनीने २०२२ मध्ये रडारला फिरकी स्पष्ट दिसावी यासाठी खास चेंडूही उपलब्ध केले.

(आ) कॅमेरा पद्धत : यात चेंडूच्या बाजूस किंवा छतावर कॅमेरे बसवून आघातानंतरच्या काही छायाचित्रांवरून वेग, कोन आणि चेंडूवरील खुणांच्या स्थानबदलावरून फिरकी काढली जाते. येथे अडचण उद्‌भासनकाळाची असते. ७० मीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या हजाराव्या भागात ७ सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाहून अधिक सरकतो. त्यामुळे चित्र पुसट होते. हाच काळ १० मायक्रोसेकंदांवर आणल्यास पुसटपणा ०.७ मिलिमीटर उरतो. म्हणूनच या यंत्रांत अतिशय अल्पकाळ चमकणारा प्रखर, बहुधा अवरक्त, प्रकाश वापरतात. या पद्धतीस चेंडूचे दीर्घ उड्डाण लागत नसल्याने लहान खोलीत ती अधिक सोयीची ठरते.

याच तत्त्वावर ‘पायट्रॅक’ हा मुक्त-स्रोत प्रकल्प आधारलेला असून रास्पबेरी पाय हा लघुसंगणक, कॅमेरे आणि अवरक्त चमक यांच्या साहाय्याने यंत्र स्वतः जुळविता येते. त्याचे आराखडे व संगणकप्रणाली सर्वांसाठी खुल्या आहेत. महाविद्यालयातील भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र या विभागांच्या संयुक्त विद्यार्थी-प्रकल्पासाठी हा विषय विचारात घेण्याजोगा आहे.

दोन्ही पद्धतींत यंत्राची सरळ मांडणी आवश्यक असते. यंत्राच्या रोखात एका अंशाची चूक झाल्यास २०० मीटरच्या फटक्यात चेंडू सुमारे साडेतीन मीटर बाजूला पडल्याचे दिसते. अशा वेळी खेळाडू नसलेला दोष सुधारू पाहतो आणि असलेला चांगला फटका बिघडवितो.

३. जागेचा विचार

रडार यंत्रासाठी चेंडूच्या मागे सुमारे २ मीटर, पुढे २.४ मीटर आणि पडदा व भिंत यांत ०.४ मीटर अशी किमान ४.८ मीटर, म्हणजे सुमारे १६ फूट लांबी लागते. रुंदी सुमारे ३ मीटर असावी. अमेरिकेतील एका मोटारीच्या गॅरेजची लांबी साधारणतः २० फूट किंवा त्याहून थोडी अधिक असल्याने ही गरज तेथे भागते. खरी अडचण उंचीची असते. ड्रायव्हर मोकळेपणाने फिरविण्यासाठी किमान ९ फूट आणि उंच व्यक्तीस १० फूट उंची लागते. ती नसल्यास केवळ आयर्नचा सराव करणे हिताचे. छताच्या भीतीने फटका आखडता घेण्याची सवय लागली, तर सरावाचा हेतूच विफल होतो.

भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट आहे. आपल्याकडील सदनिकांत या उंचीतून छताचा पंखाही लोंबत असतो. खोलीची लांबीही बहुधा १२ फुटांच्या आसपास असते. त्यामुळे महाराष्ट्रातील शहरी सदनिकेत पूर्ण फटक्यांचा सिम्युलेटर बसविणे बहुतांशी अव्यवहार्य आहे. तेथे पटिंगच्या सरावावर समाधान मानणे इष्ट. स्वतंत्र बंगला, महाविद्यालयाचे क्रीडादालन किंवा बंदिस्त गच्ची येथे मात्र विचार करता येईल.

४. सुरक्षितता

सेकंदाला ७० मीटर वेगाने जाणाऱ्या गोल्फ चेंडूची गतिज ऊर्जा सुमारे ११२ ज्यूल असते. ताशी १३५ किलोमीटर वेगाने टाकलेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेट चेंडूची ऊर्जाही जवळपास एवढीच असते. फरक असा की, गोल्फ चेंडूची ही ऊर्जा त्याहून कितीतरी लहान पृष्ठभागावर एकवटते आणि फलंदाजाप्रमाणे येथे कोणीही शिरस्त्राण घातलेले नसते. घरात मुलेबाळे वावरत असल्याने या तुलनेकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

पडदा दाट विणीच्या, आघात सोसणाऱ्या पॉलिएस्टरचा असावा. तो ताणून बांधल्यास चेंडू वेगाने परत येतो. म्हणून तो किंचित सैल सोडावा आणि भिंतीपासून दूर ठेवावा. चौकटीसाठी अमेरिकेत विजेच्या तारांकरिता मिळणारे पोलादी नळ वापरतात. ते स्वस्त व टिकाऊ असले तरी त्यांवर आदळलेला चेंडू थेट खेळाडूकडे परततो. म्हणून त्यांना जाड फोमचे आवरण अनिवार्य आहे. क्लबच्या टाचेला लागलेला चेंडू जवळजवळ काटकोनात बाजूला जात असल्याने दोन्ही बाजूंना जाळी हवी. पडदा व जाळी यांची शिवण वेळोवेळी तपासावी आणि फटका मारताना खेळाडूव्यतिरिक्त कोणीही चेंडूच्या रेषेपुढे असू नये. फोमचे हलके चेंडू सुरक्षित असतात. परंतु त्यांचे वस्तुमान व स्थितिस्थापकत्व भिन्न असल्याने त्यांवरून मिळालेली मापने खऱ्या चेंडूस लागू पडत नाहीत.

५. चटईचे दुर्लक्षित महत्त्व

काटकसरीत सर्वप्रथम बळी जातो तो चटईचा. सिमेंटच्या जमिनीवर पातळ, कठीण चटई टाकून रोज शंभर फटके मारल्यास प्रत्येक आघाताचा हादरा मनगट व कोपर यांना सोसावा लागतो. कोपराच्या आतील बाजूच्या स्नायुबंधांचा विकार ‘गोल्फर्स एल्बो’ या नावाने ओळखला जातो, हे येथे लक्षात घ्यावे. कठीण चटईचा दुसरा दोष शैक्षणिक स्वरूपाचा आहे. चेंडूच्या मागे जमिनीवर आपटलेला क्लब अशा चटईवरून घसरून पुन्हा चेंडूला लागतो आणि यंत्र तो फटका चांगला म्हणून नोंदविते. गवतावर हाच फटका फसला असता. म्हणजे चटई खेळाडूची दिशाभूल करते. म्हणून जाड, आघातशोषक चटई, तिच्याखाली रबराचा थर आणि उभे राहण्याची जागा समपातळीत आणणे यांवर खर्च करणे आवश्यक आहे.

६. खर्चाचा अग्रक्रम

उदाहरणादाखल १,००० डॉलरांची मर्यादा धरल्यास सुमारे ६०० डॉलर मापनयंत्रास आणि उरलेले ४०० डॉलर जाळी व चटई यांत समप्रमाणात विभागता येतात. पडद्याऐवजी जाळी आणि प्रोजेक्टरऐवजी घरातील टॅब्लेट, लॅपटॉप किंवा जुना दूरचित्रवाणी संच वापरावा. मैदानांचे आभासी दृश्य दाखविणाऱ्या प्रणालींसाठी बहुधा मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरावी लागते. हा आवर्ती खर्च आरंभीच हिशेबात धरावा.

प्रोजेक्टर पुढील टप्प्यात घेता येतो. त्याची निवड करताना अंतर आणि चित्राची रुंदी यांचे गुणोत्तर पाहावे. हे गुणोत्तर १.५ असल्यास १० फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर १५ फूट मागे ठेवावा लागतो आणि खेळाडूची सावली पडद्यावर पडते. ०.५ गुणोत्तराचा प्रोजेक्टर ५ फुटांवरून तेच चित्र देतो. मात्र तो चेंडूच्या मार्गापासून वर, छतालगत आणि संरक्षक कवचात बसवावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, घरगुती सिम्युलेटर चेंडूचे उड्डाण प्रत्यक्ष दाखवीत नाही. तो अल्पशा मापनावरून त्याचे गणित मांडतो. म्हणून कोणती राशी मोजलेली आणि कोणती अनुमानित, हे वापरकर्त्याने जाणून घेतले पाहिजे. दुसरा, लहान जागेत वेग व कोन यांवर अधिक, तर फिरकी व वळण यांवर कमी विसंबावे. एखाद्या फटक्याच्या आकड्यापेक्षा अनेक फटक्यांची सरासरी व त्यांतील विखुरण अधिक बोलके असते. तिसरा, मर्यादित खर्चात जाळी, चटई, मापनयंत्र आणि प्रोजेक्टर हा क्रम पाळल्यास हानी टळते व पुढे भर घालता येते. चौथा, जागा अपुरी असेल तर खरेदी न करणे हाही एक शास्त्रशुद्ध निर्णय होय.

टेट यांच्यापाशी रडार नव्हते. होती ती फीत, माती आणि आपण नेमके काय मोजत आहोत याची स्पष्ट जाण. उपकरणे स्वस्त होत असताना ही जाण मात्र प्रत्येकाला स्वतःच मिळवावी लागते आणि ती देणे हे अध्यापकाचे काम आहे.