बर्लिनमधला बागेचा फ्लॅट

बर्लिनमध्ये फ्लॅट विकत घेण्यासाठी जर्मन नागरिकत्व लागत नाही, निवासाचा परवानाही लागत नाही. मात्र घर घेतल्याने असा परवाना मिळतही नाही. भारतात राहणाऱ्याची पहिली अडचण इथल्याच बँकेत येते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. म्हणून घर पुष्कळदा नवरा-बायको मिळून घेतात आणि पैसे पाठवण्याच्या तारखा मार्च-एप्रिलच्या दोन्ही बाजूंना पाडतात.

बाग असते ती तळमजल्याला. शहराच्या जुन्या भागात रस्त्याला लागून एक इमारत, मागे चौक आणि चौकापलीकडे दुसरी इमारत अशी रचना दिसते. बाग बहुधा या चौकात. छपराच्या कडेपर्यंत सुमारे २२ मीटर ही तिथल्या इमारतींची रूढ उंची आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. म्हणजे दक्षिणेला इमारत असेल, तर हिवाळाभर बागेला ऊन मिळत नाही. जाहिरातीतले फोटो जूनचे असतात.

खरी गुंतागुंत बागेच्या मालकीत आहे. १९५१च्या कायद्याप्रमाणे फ्लॅटच्या आतली जागा घेणाऱ्याची, पण जमीन सर्व फ्लॅटधारकांची सामाईक. तळमजल्यावाल्याला बागेचा मिळतो तो केवळ वापराचा हक्क. इतरांनी तिथे यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर २०२०पासून बागही फ्लॅटच्या मालकीत जोडता येते, पण जुन्या इमारतींच्या दस्तांत बहुतेक वेळा वापराचा हक्कच आढळतो. तो इमारतीच्या विभागणीच्या मूळ दस्तात आणि जोडलेल्या नकाशात शोधावा लागतो, आणि ‘ग्रुंडबुख’ या जमीन नोंदवहीत त्याची नोंद आहे का, हेही पाहावे लागते. ‘इतकी वर्षे आम्हीच वापरतो’ हे विकणाऱ्याचे वाक्य कितीही खरे असले, तरी त्याने हक्क सिद्ध होत नाही.

हक्क पक्का असला, तरी हात मोकळे नसतात. बागेत खोपट बांधायचे तर इतर मालकांची संमती लागते. झाडही सगळ्यांचे. शिवाय जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर खोडाचा घेर ८० सेंटिमीटर किंवा अधिक असेल, तर बहुतेक पानगळीच्या वृक्षांना शहराच्या नियमांचे संरक्षण असते आणि तोडायला सरकारी परवानगी लागते. फळझाडे, अक्रोड वगळता, यातून सुटतात. कुंपण, पाणी आणि छाटणीचा खर्च कोणाचा, हेही मूळ दस्तातच पाहायचे. सोबत मालकांच्या बैठकांची इतिवृत्ते मागवावीत: छप्पर गळते का, दुरुस्तीनिधीत किती शिल्लक आहे, कोण कोणाशी भांडते, सगळे त्यात असते. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल, तर प्रकरण वेगळेच. त्याच्या राहत्या काळात भाड्याच्या घराचे मालकीच्या फ्लॅटमध्ये रूपांतर झाले असल्यास, पहिल्या विक्रीपासून दहा वर्षे स्वतःला राहायचे म्हणूनही त्याला काढता येत नाही.

नोटरीखेरीज व्यवहार कायदेशीर ठरत नाही. हा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर शिक्के मारणारा नव्हे. तो दोन्ही पक्षांना समान अंतरावर ठेवणारा कायदेतज्ज्ञ असतो. विकणारा व्यावसायिक असेल, तर खाजगी खरेदीदाराला मसुदा सहसा दोन आठवडे आधी मिळतो. सहीच्या दिवशी नोटरी संपूर्ण दस्त मोठ्याने वाचतो, आणि खरेदीदाराला जर्मन येत नसेल तर दुभाषा तो तोंडी सांगत जातो. कंटाळवाणे वाटले, तरी ‘या कलमाचा अर्थ काय’ असे विचारायची हीच वेळ.

सही झाली तरी पैसे लगेच द्यायचे नसतात. आधी ग्रुंडबुखात खरेदीदाराच्या नावे आगाऊ राखीव नोंद होते, म्हणजे तोच फ्लॅट दुसऱ्याला विकून त्याचा हक्क डावलता येत नाही. मग नोटरी रक्कम भरण्याची सूचना पाठवतो. एप्रिल २०२३पासून रोख रकमेला बंदी आहे. ‘थोडे काळे, थोडे पांढरे’ ही आपल्याकडची बोली तिथे चालायची नाही. किमतीवर ६ टक्के हस्तांतरण कर, नोटरी आणि नोंदणीचे साधारण दीड ते दोन टक्के, शिवाय दलाल असल्यास त्याची दलाली वेगळी. करखात्याच्या दाखल्याशिवाय नाव चढत नाही. किल्ली आणि मासिक देखभाल खर्च बहुधा पूर्ण रक्कम पोचल्यावरच खरेदीदाराकडे येतात. कायद्याने मालकी मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ग्रुंडबुखात नाव लागेल त्या दिवशी.