सुगंधाची वेळ : कळीपासून फुलापर्यंत

लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवसांत झेंडूच्या माळांना मागणी असते. उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली की मोगऱ्याचे गजरे आणि निशिगंधाचे हार यांची पाळी येते. परंतु झेंडूची टोपली व मोगऱ्याची टोपली यांचा व्यवहार एकसारखा नाही. झेंडू तोडण्यास चार-सहा तास मागेपुढे झाले तरी वासाचे फारसे बिघडत नाही. मोगऱ्याची वेळ चुकली की सुगंधही जातो आणि शेतकऱ्याचा पैसाही. याचे कारण फुलाच्या रसायनशास्त्रात आहे.

साठविलेला वास व घडणारा वास

झेंडूचे पान चुरगळले की उग्र वास येतो. त्याच्या पानांत आणि फुलाखालच्या हिरव्या वेष्टनात सूक्ष्म तैलग्रंथी असतात व तेल त्यांत आधीच साठविलेले असते. मोगऱ्याजवळ असे कोठार नाही. लिनालूल, बेंझिल असिटेट, इंडोल इत्यादी सुगंधद्रव्ये त्याच्या पाकळ्यांच्या पेशींत तयार होतात आणि हवेत उडून जातात. घट्ट मिटलेल्या कळीत ती अत्यल्प असतात. काही द्रव्यांचे रेणू तेथे शर्करेशी जखडलेले असतात. असा रेणू उडू शकत नाही. कळी उमलू लागली की विकरे, म्हणजे जीवक्रिया घडवून आणणारी प्रथिने, हा बंध तोडतात. दुपारी तोडलेली गंधहीन कळी रात्री घरभर दरवळते, ती यामुळेच.

फ्रान्समधील ग्रास या गावी जाई-चमेलीच्या जातीची फुले व निशिगंध पूर्वी चरबीच्या थरावर पसरून ठेवीत. ही फुले तोडल्यानंतरही काही काळ सुगंध निर्माण करीत राहतात व चरबी तो शोषून घेते, हे तेथील कारागिरांना अनुभवाने माहीत होते.

वयाप्रमाणे बदल

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नताल्या दुदारेवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नॅपड्रॅगन या शोभेच्या फुलाचा अभ्यास करून 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिथिल बेंझोएट हे या फुलाचे प्रमुख सुगंधद्रव्य. ते कळीत जवळजवळ नसते, फूल उमलल्यावर वाढत जाते, साधारण सहाव्या दिवशी कमाल पातळी गाठते आणि पुढे घटते. ते घडविणाऱ्या विकराचे प्रमाणही वयानुसार बदलते. सुगंध हे परागीभवन करणाऱ्या कीटकांना दिलेले निमंत्रण होय. म्हणून मधमाश्यांवर अवलंबून असलेला स्नॅपड्रॅगन दिवसा दरवळतो, तर पतंगांची वाट पाहणारा निशिगंध रात्री. परागीभवन झाले की निमंत्रणाची गरज संपते. पेट्युनियाच्या फुलात त्यानंतर इथिलीन वायू निर्माण होतो, सुगंध थांबतो व पाकळ्या कोमेजतात.

तोडणी कशासाठी, त्यावर वेळ

यावरून एक साधा नियम निघतो : फूल कोठे जाणार, हे ठरवून मगच तोडणी करावी. गजऱ्यासाठी मोगऱ्याची पूर्ण भरलेली, पांढरी, परंतु न उमललेली कळी घ्यावी. हिरवट कोवळी कळी तोडल्यास ती नीट उमलत नाही व तिच्यात सुगंधही भरत नाही. अर्कासाठी मात्र नुकतीच पूर्ण उमललेली ताजी फुले हवीत. निशिगंधाची दांडी फुलदाणीसाठी असेल तर तळाची एक-दोन फुले उमलताच ती कापावी. निशिगंधाची एकेरी जात अधिक सुगंधी, तर दुहेरी जात दांडीसाठी पसंत केली जाते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उष्णता हा मोठा शत्रू आहे. तापलेल्या टोपलीत कळ्या वेळेपूर्वी उमलतात आणि नांदेडच्या बाजारात पोहोचेपर्यंत सुगंध वाटेतच उडून जातो. सावली, ओले फडके, हवेशीर बांबूची टोपली व थंड वेळचा प्रवास हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. बसथांब्याजवळ फुलांच्या टोपल्यांसाठी सावलीची शेड उभारणे ग्रामपंचायतीला अवघड नाही.

शिक्षकांनाही येथे सोपा प्रयोग करता येईल. दुपारी तोडलेल्या मोगऱ्याच्या कळ्यांपैकी निम्म्या माठाजवळ थंडाव्यात व निम्म्या उबदार जागी ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी घरी रात्रीपर्यंत दर तासाला वास घेऊन नोंद करावी. सुगंध ही फुलात भरून ठेवलेली वस्तू नसून वेळेने बांधलेली क्रिया आहे, हे त्यांना स्वानुभवाने कळेल. हीच गोष्ट त्यांच्या घरच्या फुलशेतीलाही उपयोगी पडेल.