मोबाईलवरील एकल प्रवेश : अडचणी व उपाय

आज शिष्यवृत्ती, प्रवेशअर्ज, परीक्षेचा निकाल, दाखले अशा प्रत्येक कामासाठी वेगळ्या संकेतस्थळावर जावे लागते. प्रत्येक ठिकाणी नवे खाते व नवा पासवर्ड. ते लक्षात राहत नाहीत म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहिले जातात, किंवा सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला जातो. दोन्ही सवयी धोक्याच्या आहेत. यावर उपाय म्हणून ‘सिंगल साइन-ऑन’, म्हणजेच एकल प्रवेशाची पद्धत आली. भारत सरकारने २०२२ साली ‘मेरी पहचान’ या नावाने अशी सोय सुरू केली. परंतु संगणकावर सुरळीत चालणारी ही पद्धत मोबाईलवर मात्र मध्येच अडते, असा अनुभव पुष्कळांना येतो. ज्या घरात संगणक नाही, तेथे अर्ज मोबाईलवरूनच भरावा लागतो. म्हणून हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या शिक्षणसंस्थेत १९८० च्या दशकात ‘कर्बेरॉस’ ही पद्धत तयार झाली. एकदा पासवर्ड द्यावा व मिळालेल्या तिकिटावर बाकीच्या सेवा वापराव्या, असे तिचे स्वरूप होते. पुढे संकेतस्थळांसाठी २००५ साली ‘सॅमल २.०’ आणि २०१४ साली ‘ओपनआयडी कनेक्ट’ ही मानके आली.

तिचे काम असे चालते. आपण एखाद्या सेवेत जातो तेव्हा ती सेवा आपल्याला ओळख पटविणाऱ्या केंद्राकडे पाठविते. पासवर्ड फक्त तेथेच द्यायचा. केंद्र आपली खात्री करून घेते, ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची खूण ठेवते व सही केलेला निरोप देऊन आपल्याला परत पाठविते. दुसऱ्या सेवेने त्याच केंद्राकडे पाठविले की ती खूण सापडते आणि पासवर्ड पुन्हा मागितला जात नाही. सारी भिस्त त्या खुणेवर असते.

मोबाईलवर नेमके येथेच बिघडते. आपल्याला वाटते की फोनमध्ये ब्राउझर एकच आहे. प्रत्यक्षात क्रोम किंवा सफारी हा एक. आणि एखाद्या ॲपमधील दुव्यावर बोट ठेवताच त्या ॲपच्या आतच उघडणारी खिडकी, हा दुसरा. अशा खिडकीचा खुणांचा साठा बहुधा निराळा असतो. पास एका पिशवीत ठेवून दुसरी पिशवी घेऊन निघावे, तसे होते. प्रवेशाची सुरुवात ॲपच्या खिडकीत झाली आणि ई-मेलमधील दुवा मुख्य ब्राउझरमध्ये उघडला, तर सुरुवातीची खूण न सापडल्यामुळे प्रवेश नाकारला जातो. कमी मेमरीच्या फोनवर ओटीपी पाहण्यासाठी बाहेर गेल्यास पान पुसले जाऊन सारे पुन्हा करावे लागते. शिवाय सफारीने मार्च २०२० पासून एका संकेतस्थळाच्या पानात दुसऱ्याच्या खुणा वाचण्यास पूर्ण बंदी केली. ही बंदी पाळत रोखण्यासाठी आहे व योग्यही आहे. पण पडद्याआड खूण तपासणाऱ्या जुन्या यंत्रणा तिच्यामुळे बंद पडल्या.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. ॲपने आपल्याच खिडकीत उघडलेल्या पानावर जे टाईप केले जाते, ते त्या ॲपला वाचता येऊ शकते. म्हणजे पासवर्ड केंद्रालाच देण्याचा हेतूच ढासळतो. म्हणून २०१७ च्या ‘आरएफसी ८२५२’ या मार्गदर्शक दस्तऐवजात सांगितले आहे की, ॲपने प्रवेशाचे काम फोनच्या मुख्य ब्राउझरकडे सोपवावे. अँड्रॉइडवर ‘कस्टम टॅब’ ही सोय त्यासाठी वापरता येते. ती ब्राउझरचाच साठा वापरते व ॲपला पासवर्ड दिसत नाही. आयफोनवरही तशी सोय आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ॲप तयार करताना हा नियम मोडू नये.

बाकीच्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) ॲपच्या खिडकीत प्रवेशाचे पान उघडले तर मेनूतून ते मुख्य ब्राउझरमध्ये उघडावे व अर्ज शेवटपर्यंत तेथेच भरावा.

२) पासवर्ड देण्यापूर्वी वरचा पत्ता केंद्राचाच आहे ना, हे वाचावे.

३) खासगी खिडकी बंद करताच तिच्यातील खुणा जातात. स्वतःच्या फोनवर पुन्हा पुन्हा पासवर्ड मागितला जात असेल, तर आपण खासगी खिडकीत तर नाही ना, हे पाहावे.

४) दुसऱ्याच्या फोनवर मात्र खासगी खिडकीच वापरावी. सेवेतून बाहेर पडले तरी केंद्रातील खूण मागे राहू शकते आणि पुढचा माणूस पासवर्डाशिवाय आपल्या खात्यात शिरू शकतो. म्हणून केंद्रातूनही बाहेर पडावे व खिडकी बंद करावी.

एका किल्लीने अनेक दारे उघडतात तेव्हा ती हरवल्यास सगळीच दारे उघडी पडतात. हे ध्यानात ठेवून वापर केला, तर अर्जाच्या शेवटच्या तारखेला होणारी धावपळ टळेल आणि आपल्या हक्काचे काम आपल्याच हाताने पूर्ण होईल.