पंखा ‘तो’ का?

सव्वादहा. धारणी तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. बहुतेक मुलं कोरकू, काही गवळ्यांची, एक-दोघं घरी हिंदी बोलणारी. वर्गाचं कुलूप निघायच्या आधीच अंगणात सगळ्या भाषा सुरू झालेल्या असतात.

साडेदहा, परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग गावच्या बातम्या. बातमी कुठल्याही भाषेत चालते. आज कुणाच्या तरी बकरीला दोन पिल्लं झालीत. ते वाक्य मी फळ्यावर मराठीत लिहिते, वाचून घेते.

अकरा. लिंग. मराठीतली ही सगळ्यात अडचणीची जागा. कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी तिची सोयरीक नाही. तिथे नामांची वाटणी सजीव आणि निर्जीव अशी. पंखा निर्जीव, खुर्चीही निर्जीव, विषय संपला. त्यामुळे एक जण हमखास विचारतो, “मॅडम, पंखा ‘तो’ का?” याला पटेलसं कारण माझ्यापाशी नाही, आणि मी तसं सांगून टाकते. कारण नसलं की सवयच लावावी लागते. मुलं वस्तूंना हात लावत वर्गभर फिरतात: तो फळा, ती खिडकी, ते दप्तर. ‘तो’साठी निळी चिठ्ठी, ‘ती’साठी लाल, ‘ते’साठी पिवळी. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीला या चिठ्ठ्यांचा मोठा आधार. ‘ती’ आणि ‘ते’ नुसत्या ओठांवरून सहज वेगळे कळत नाहीत. केल्या होत्या तिच्यासाठी, आता सगळेच वापरतात.

बारा. क्रियापद. “मुलीने आंबा खाल्ली.” हे वाक्य आल्याशिवाय तास पुरा होत नाही. त्यामागचा तर्क पाहा: ‘मुलगी आली’ बरोबर, तर ‘मुलीने खाल्ली’ का नको? ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, हे नऊ वर्षांच्या पोराला व्याख्येने कसं उमगणार? कर्मणी प्रयोग हा शब्द मी काढतच नाही. एका मुलीला पुढे उभी करते. हातात आंबा दिला की वर्ग ओरडतो, “खाल्ला!” भाकर दिली, “खाल्ली!” केळं दिलं, “खाल्लं!” खाणारी तीच, बदलला फक्त घास. सगळ्यात मोठा आवाज असतो एका मुलाचा, ज्याच्या वहीत भ-म आणि घ-ध यांची रोज अदलाबदल होते. त्याचं उत्तर मी तोंडी घेते आणि तेवढेच गुण देते. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही नोंदलेली आहे. वर्गात तिला अजून ‘आळस’ म्हणतात.

दीड. खिचडी. वाढणं, हात धुणं, भांडणं.

अडीच. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इथे कोरकू मुलं मला काही शिकवूच देत नाहीत. समोरचा आपल्यात धरलाय की नाही, हा भेद त्यांच्या भाषेतही आहे. एकदा तिच्याशी जोडून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. घरची भाषा अडसर ठरते म्हणणाऱ्यांनी हा तास बसून पाहावा.

साडेतीन. सामान्यरूप. “घोडाला” नव्हे, “घोड्याला”. म्हणा, पुन्हा म्हणा. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

साडेचार. वह्या. लाल पेन फक्त आज शिकवलेल्यावर चालतो. बाकीच्या चुका दिसतात, हात शिवशिवतो, पण पान लाल झालं की पोर दुसऱ्या दिवशी एकच ओळ लिहून आणतं.

पाच. शाळा सुटली.

तपासणीला येणाऱ्या साहेबांना एक विनंती. “नाम म्हणजे काय?” असं विचारू नका, पाठ केलेली ओळ ऐकायला मिळेल. सकाळची बातमी विचारा आणि मुलाला मध्ये न अडवता ती पुरी ऐका.