भिंत जाड करणारा जंतू

आवणीच्या दिवसांत घरी गेला असाल, तर हे तुमच्या ओळखीचं असेल. दिवसभर पाय चिखलात, कुठे दगड लागलेला, कुठे काट्याने खरचटलेलं. दोन-चार दिवसांत तिथे गळू येतं आणि ठणकायला लागतं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. मग मेडिकलमधून चार गोळ्या येतात. दोन खाल्ल्या की ठणका कमी. उरलेल्या दोन डब्यात, पुढच्या वेळी भावाला होतील म्हणून!

या गळवामागे बहुतेक वेळा असतो स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात ‘स्टॅफ’. मायक्रोस्कोपखाली द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. दहापैकी साधारण तिघांच्या नाकात तो गुपचूप राहतच असतो. पण जखमेतून रक्तात शिरला, तर हाडं, फुप्फुसं, हृदयाच्या झडपा, काहीच सोडत नाही.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि काही वर्षांतच त्याला दाद न देणारे स्टॅफ दिसू लागले. मग मेथिसिलिन आलं. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यालाही पुरून उरणारा स्टॅफ सापडला, तोच ‘एमआरएसए’. अशा वेळी डॉक्टरांची मदार असते व्हॅन्कोमायसिनवर. हे औषध हॉस्पिटलमध्ये शिरेतून देतात.

ते काम कसं करतं? जंतूभोवती एक भिंत असते. ती बांधायला लागणाऱ्या विटांच्या टोकांना व्हॅन्कोमायसिन चिकटून बसतं. विटा जोडल्या जात नाहीत, भिंत कच्ची राहते, जंतू मरतो. पण काही स्टॅफ भिंतीवर थरांवर थर चढवतात. औषध बाहेरच्याच विटांना चिकटून संपतं आणि आत, जिथे बांधकाम चालू असतं, तिथवर पुरेसं पोचतच नाही.

जपानमध्ये १९९६ साली हृदयाचं ऑपरेशन झालेल्या चार महिन्यांच्या बाळाच्या जखमेत असा जंतू सापडला. अशा जंतूंना म्हणतात ‘व्हिसा’ (पासपोर्टवाला नव्हे!). साधा स्टॅफ एका मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी औषधाने थांबतो. याला ४ ते ८ लागतं. १६ किंवा जास्त लागलं, तर पूर्ण रेझिस्टन्स. म्हणजे हा मधला, अर्धवट.

अर्धवट म्हणून सोपा समजू नका. तो बाहेरून नवा जीन आणत नाही. स्वतःच्याच जीन्समध्ये छोटे छोटे बदल साठवत जातो. सुरुवातीला लाखात एखादाच जंतू जाड भिंतीचा असतो. औषध कमी पडलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. लॅबमधली नेहमीची चकती-चाचणी त्याला ओळखू शकत नाही. रिपोर्ट म्हणतो औषध चालेल, पेशंटचा ताप मात्र उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्हॅन्कोमायसिन काही मेडिकलच्या चार गोळ्यांत नसतं, मग आमचा काय संबंध? संबंध आहे. साध्या गोळ्या अर्धवट, उगाच खाल्ल्या की साधे स्टॅफ मरतात आणि एमआरएसएला मोकळं रान मिळतं. एमआरएसए वाढला की व्हॅन्कोमायसिन जास्त वापरावं लागतं. आणि ते जितकं जास्त वापरलं जाईल, तितकी जाड भिंतीवाल्यांची चंगळ.

मग करायचं काय? गळू पिळू नका, गरम पाण्याने शेका. लहान गळवातला पू डॉक्टरांनी काढला, तर पुष्कळदा अँटिबायोटिक लागतही नाही. ताप आला, लाली पसरू लागली किंवा घरातल्या कुणाला मधुमेह असेल, तर थांबू नका. जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा आणि तितके दिवस घ्या. उरलेल्या दुसऱ्याला देऊ नका.

आणि एक काम खास तुमचं. गोळ्यांच्या स्ट्रिपवर उभी लाल रेषा असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. घरात स्ट्रिपवरचं इंग्रजी वाचणारे बहुधा तुम्हीच असाल. या सुट्टीत तो डबा उघडून बघाच.