एका शब्दाची दुरुस्ती

‘सहिष्णुता’ हा शब्द आपण फार आदरानं उच्चारतो. पण तो जरा उकलून पाहिला तर आत काय सापडतं? सहन करणं. इंग्रजी ‘टॉलरन्स’चंही तेच, त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही सोसणं असाच आहे. आता आपण सोसतो काय? डास सोसतो, उन्हाळा सोसतो, शेजारच्या लग्नातला बँड सोसतो. माणसानं माणसाला सोसायचं, ही कल्पना मात्र अठराव्या शतकात काही जणांना बोचली.

त्याआधी, १६८९ साली, इंग्लंडात टॉलरेशन अ‍ॅक्ट झाला होता. सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट पंथीयांना, ठरलेल्या शपथा घेतल्यावर, आपापली प्रार्थना करायची मुभा मिळाली. कॅथलिकांना ती मिळाली नाही; आणि ज्यांना मिळाली त्यांच्यावरची सरकारी पदांची बंदी कायमच राहिली. त्याच सुमारास जॉन लॉक या तत्त्वज्ञानं मांडलं, की जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचा हक्क माणूस जन्मतः घेऊन येतो. सरकार नंतरचं. लोकांनी ते संमतीनं उभं केलं, या हक्कांच्या राखणीसाठी. राखणदारच चोर निघाला, तर त्याला काढून टाकायचा हक्कही लोकांचाच. विचार केवढा धाडसी! पण धर्माबद्दल लिहिताना लॉकसाहेबांनीही शब्द वापरला तो सहिष्णुतेचाच, आणि नास्तिकांना तर तेवढीही देऊ नये म्हणाले.

मग आलं १७७६. अमेरिकेतल्या वसाहतींचं इंग्लंडच्या राजाशी युद्ध सुरू झालं होतं. व्हर्जिनियानं हक्कांचा जाहीरनामा करायला घेतला. मसुदा जॉर्ज मेसन यांचा. धर्माचरणात सर्वांना पुरेपूर सहिष्णुता मिळावी, असं त्यात होतं. वाचताना कुणालाही वाटावं, वा, किती उदार! समितीत जेम्स मॅडिसन नावाचा पंचवीस वर्षांचा, किरकोळ प्रकृतीचा तरुण होता. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात धर्मोपदेश केल्यावरून माणसं तुरुंगात पडल्याचं त्यानं दोन वर्षांपूर्वीच एका मित्राला संतापून कळवलं होतं. त्यानं मसुद्यातला ‘सहिष्णुता’ हा शब्द काढायला लावला. १२ जूनला जे मंजूर झालं त्याचा आशय असा, की विवेकबुद्धीला अनुसरून धर्म आचरण्याचा सर्वांना सारखाच हक्क आहे.

फरक कुठं पडला? सहन करणारा ओट्यावर उभा असतो, ज्याला सहन केलं जातं तो अंगणात. मेहेरबानी केव्हाही परत घेता येते. हक्क कुणी दिलेलाच नसतो. तो तुडवता येतो, पण मग तुडवणाऱ्याला जाब विचारता येतो. हे मला पुस्तकाबाहेरही समजतं. कवितावाचनानंतर कुणीतरी प्रेमानं हात धरून म्हणतं, “आम्ही तुमच्याही कविता आवडीनं ऐकतो.” त्यांच्या मनात वाकडं काही नसतं, हे मी जाणतो. तरी तो ‘ही’ माझ्याबरोबर घरापर्यंत येतो. आणि गंमत बघा, ‘हक्क’ हा शब्द मराठीत आला तो अरबी-फारसीतून. अरबीत त्याचा एक अर्थ ‘सत्य’ असाही आहे. तो मराठीत येताना वाटेत कुठं सांडला, कोण जाणे.

मॅडिसननं जे एका शब्दात केलं, ते टॉमस पेननं १७९१ साली ‘राइट्स ऑफ मॅन’ या पुस्तकात उघड मांडलं. त्याच्या मते असहिष्णुता आणि सहिष्णुता या सख्ख्या बहिणी. मी माझ्या शब्दांत सांगतो: एकीच्या हातात कुलूप, दुसरीच्या हातात किल्ली, पण दार आपल्याच मालकीचं, असं दोघीही धरून चालतात. हे पुस्तक लिहिल्याबद्दल इंग्लंडनं १७९२ च्या डिसेंबरात त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून त्याला दोषी ठरवलं.

व्हर्जिनियाची गोष्ट इथं संपवली तर ती फार गोड होईल. त्याच सभेत त्याच जाहीरनाम्यात आणखी एक दुरुस्ती झाली. सर्व माणसं निसर्गतः स्वतंत्र आहेत, हे वाक्य मोठमोठ्या जमीनदारांना टोचलं. मग ‘समाजात प्रवेश केल्यावर’ अशा अर्थाचे शब्द घुसवण्यात आले. गुलाम समाजाचे घटकच नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला! मेसन आणि मॅडिसन, दोघांच्याही घरी गुलाम होते.

पेनचं पुस्तक पुढे पुण्यात तरुण जोतिराव फुल्यांच्या हाती पडलं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. घरातल्या बाईनं वाटल्यास बौद्ध धर्म घ्यावा, नवऱ्यानं ख्रिस्ती व्हावं, मुलीनं मुसलमान व्हावं, मुलानं सत्यधर्मी व्हावं, आणि कुणी कुणाचा हेवा न करता एकत्र नांदावं. या घरात कुणाला कुणाची परवानगी लागत नाही.