साडेसत्त्याण्णव मिलिमीटरची पद्मिनी

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,३४० मिलिमीटर. त्याला २४ नं भागलं की येतात ९७.५. दोन काड्यापेट्या एकापुढे एक ठेवल्या तर साधारण तेवढीच लांबी भरते. एका फुटाला अर्धा इंच, असं हे २४ चं प्रमाण. प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी बांधणारा माणूस कुठलीही गाडी पाहिली की आधी मनातल्या मनात हा भागाकार करतो.

पद्मिनीच्या बाबतीत हा भागाकार आता तातडीनं करायला हवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली. त्या दिवशी मुंबईनं हळहळ व्यक्त केली. पण या गाडीचं मूळ शोधत मागे गेलं की वाट सोलापुरात येते. प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी करणारे वालचंद हिराचंद दोशी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मले.

कुर्ला आणि डेट्रॉईट

वालचंदांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं जहाज समुद्रात लोटलं, १९४० मध्ये बंगळूरला विमानांच्या कारखान्याचा पाया घातला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. मोटारींसाठी त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली होती. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर घराण्यातल्या डॉज आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्याच १९४७ मध्ये तिकडे डेट्रॉईटमध्ये साचे घडवणाऱ्या एका कारागिरानं स्वतःचा छोटा कारखाना काढला. पुढे हा कारखाना 'जो-हॅन' या नावानं ओळखला गेला. प्लिमथ, डॉज, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या तळहातावर मावतील एवढ्या आकारात हुबेहूब घडवणं, हे जो-हॅनचं खास काम. ज्या घराण्याची गाडी कुर्ल्यात पूर्ण आकारात जोडली जात होती, तिचीच पंचविसाव्या हिश्शाची आवृत्ती डेट्रॉईटमध्ये साच्यातून निघत होती.

या छोट्या गाड्या सुरुवातीला खेळणी नव्हत्याच. नवी मोटार बाजारात आली की तिचं छोटं रूप विक्रेत्याच्या टेबलावर ठेवलं जाई. गिऱ्हाईक रंग बघे, आणि सोबत आलेल्या मुलाच्या हातात ती गाडी पडली की सौदा लवकर जुळे. डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या एएमटी कंपनीनं याच धंद्यातून डोकं वर काढलं. नावातली पहिली दोन अक्षरं 'ॲल्युमिनियम मॉडेल' या शब्दांची. पहिल्या गाड्या ॲल्युमिनियमच्या होत्या, लवकरच प्लॅस्टिक आलं. मोटार कंपन्यांकडून खरे आराखडे मिळत, त्यावरून आधी मोठा नमुना घडवला जाई आणि पँटोग्राफच्या दांड्यानं तो पोलादी साच्यात लहान करून कोरला जाई. म्हणून त्या काळच्या गाड्यांची जाळी, दिवे, बंपर आजही मोजून बरोबर भरतात.

१९५८ मध्ये एएमटीनं हीच गाडी सुटी करून खोक्यात भरली. हेच किट. एका खोक्यातून तीन प्रकारे गाडी बांधता येई: कारखान्यातून निघाली तशी, हौसेनं सजवलेली, किंवा शर्यतीची. शिकागोची मोनोग्राम आणि कॅलिफोर्नियाची रेवेल या कंपन्या याच मैदानात होत्या. रेवेलनं पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या काळच्या मोटारींची बत्तिसाव्या हिश्शाची मालिका काढली आणि अमेरिकेतल्या घराघरांत प्लॅस्टिकच्या गोंदाचा वास शिरला.

इंग्लंडमधली कथा ट्रॅक्टरपासून सुरू होते. निकोलस कोव्ह या हंगेरियन उद्योजकानं १९३९ मध्ये काढलेली एअरफिक्स कंपनी आधी हवा भरायची रबरी खेळणी आणि नंतर कंगवे बनवत असे. १९४९ मध्ये तिनं फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी छोटा प्लॅस्टिक ट्रॅक्टर बनवला. तो जोडायला वेळखाऊ, म्हणून पुढे सुटे भाग तसेच विकायला काढले आणि कंपनीचं नशीब पालटलं.

जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही १९४६ सालची लाकडाची वखार. तिला जागतिक नाव मिळवून देणारे शुनसाकू तामिया यांनी पोर्शे ९११ चा आतला सांगाडा समजून घ्यायला खरी पोर्शे विकत घेतली आणि ती नटबोल्टपर्यंत सुटी केली. त्या अभ्यासातून १९७६ मध्ये बाराव्या हिश्शाची पोर्शे ९३४ निघाली. शुनसाकू यांचं जुलै २०२५ मध्ये निधन झालं.

गोंदाचा गोळा

साठीच्या दशकातलं किट आज हाती येतं ते बहुधा अर्धवट स्थितीत. कोण्या मुलानं दहाव्या-बाराव्या वर्षी घाईनं जोडलेलं, बोटांचे ठसे उमटलेलं, ब्रशनं जाड रंग फासलेलं. अशा गाडीला छंदिष्ट 'ग्लू बॉम्ब' म्हणतात, म्हणजे गोंदाचा गोळा. ती पूर्ववत करणं हा या छंदाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर भाग.

आधी गाडी पिशवीत घालून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवायची. जुना गोंद थंडीनं ठिसूळ होतो आणि सकाळी सांध्यावर हलका दाब दिला की भाग 'टक्' असा आवाज करून सुटतो. सगळेच सुटत नाहीत. नीट लावलेला गोंद भाग नुसते चिकटवत नाही, दोन्ही बाजूंचं पॉलिस्टायरिन विरघळवून एकजीव करतो. तिथे बारीक करवतीचं पान घालावं लागतं आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी अर्धा तास द्यावा लागतो.

मग रंग. गॅरेजमध्ये मिळणारं ब्रेक ऑईल हा जगभरच्या छंदिष्टांचा जुना उपाय. गाडीचा पत्रा, म्हणजे बॉडी, त्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवली की जुना रंग सुरकुततो आणि टूथब्रशनं सुटतो, प्लॅस्टिकला सहसा धक्का लागत नाही. ॲक्रिलिक रंगासाठी कित्येक जण डेटॉल वापरतात. बंपर आणि जाळीवरची जुनी चमक म्हणजे ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर. तो कपड्यांच्या ब्लीचमध्ये काही मिनिटांत विरून जातो. एक काळजी मात्र घ्यावीच लागते: ब्रेक ऑईल आणि ब्लीच यांची भांडी, ब्रश, हातमोजे वेगळे ठेवायचे. दोन्ही एकत्र आली तर धोकादायक क्रिया होते.

टायरांची कथा आणखी वेगळी. जुने मऊ टायर व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि टेकलेल्या प्लॅस्टिकला खातं. पन्नास वर्षं बंद राहिलेलं खोकं उघडलं तर टायर काचेत रुतलेला सापडतो. म्हणून जुनं किट मिळालं की टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवणं, हे पहिलं काम. विक्रेत्यांच्या टेबलावरच्या सुरुवातीच्या गाड्यांना तर मूळ पदार्थच नडला. त्या सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या आणि काळानुसार केळ्यासारख्या वाकल्या. पॉलिस्टायरिनच्या गाड्या सरळ राहिल्या.

ओरखडे पडलेल्या काचेला बोटानं टूथपेस्ट चोळली की ती पुन्हा पारदर्शक होत जाते. सगळ्यात शेवटी नंबराचे आणि पट्ट्यांचे पाण्यानं सुटणारे छापे, म्हणजे डेकल. जुने छापे पिवळे पडतात. ते खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात काही दिवस ठेवले की पिवळेपणा उतरतो.

सोलापूरचं ऊन

या शेवटच्या कामासाठी सोलापूरइतकी सोयीची गावं थोडी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेच्या खिडकीत इंग्लंडमधल्या छंदिष्टाला महिनाभर लागणारं काम लवकर उरकतं. पण तेच ऊन शत्रूही आहे. बंद मोटारीत मागच्या काचेखाली ठेवलेली प्लॅस्टिकची बॉडी वाकते. एअरब्रशमधून उडालेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळून भुरभुरीत बसतो, म्हणून फवारणी पहाटे करावी लागते. पावसाळ्यात उलट त्रास: दमट हवेत लॅकर पांढरट पडतो.

साहित्याच्या बाबतीत मात्र गावातली गॅरेजं पुरेशी आहेत. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडची एनसी पुट्टी फटी भरायला चालते, पण पातळ थरात. पॉलिश पेपर शंभर ते दोन हजार नंबरपर्यंत मिळतो. फक्त एनसी थिनर उघड्या प्लॅस्टिकवर कधीही लावायचा नाही, क्षणात पृष्ठभाग विरघळतो. आधी प्रायमर, मग बाकीचं.

किट मात्र सोलापुरात कधीच सहज मिळालं नाही. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गड्ड्यात, मुलांना मिळाली ती पत्र्याची आणि प्लॅस्टिकची तयार गाडी. देशात तयार गाड्या बनत होत्या. कोलकात्याच्या एका कंपनीनं इंग्लंडच्या डिंकीच्या जुन्या साच्यांतून 'निकी' नावाच्या गाड्या काढल्या. ब्लो प्लास्टनं 'लिओ' नावानं मॅटेलच्या गाड्या आणल्या. सुटी करून पुन्हा बांधायची गाडी मात्र परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतूनच यायची.

बांधण्याची आवड महाराष्ट्राला नवी नाही. दिवाळीत मुलं अंगणात माती कालवून किल्ला करतात, त्याला बुरूज, दरवाजा आणि हळिवाची हिरवळ लावतात, तेव्हा ती प्रमाणाचाच अभ्यास करत असतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे सिग्नल, पूल, घाट, सर्कस आणि रस्त्यावरचे दिवे, सगळं एका प्रमाणात चालतं. एका माणसाच्या चिकाटीतून केवढं उभं राहतं, ते पाहायला एकदा जावंच.

साच्याशिवाय गाडी

अमेरिकन कंपन्यांनी दरवर्षी तिकडच्या नव्या गाड्यांची किटं काढली. मूळ फोर्ड किंवा प्लिमथ भंगारात गेली तरी तिच्या दिव्याची वळणं पोलादी साच्यात टिकली. एएमटीचे कित्येक जुने साचे आज राऊंड २ या कंपनीकडे आहेत आणि त्यांतून गाड्या पुन्हा निघतात. अमेरिकन गाड्यांच्या त्या यादीत कुर्ल्याची फियाट नव्हती. पन्नाशीतली गोलसर फियाट ११००, जिला मराठी माणसानं 'डुक्कर फियाट' म्हटलं, नंतरची ११००डी, आणि सत्तरीत पद्मिनी नाव घेतलेली तीच १,०८९ सीसीची गाडी, जिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. चार दशकं या गाड्यांनी लग्नाच्या वराती, दवाखान्याच्या फेऱ्या आणि पंढरपूर-तुळजापूरचे प्रवास केले. या सगळ्यांची मापं कोणी लिहून ठेवायची?

किट नसेल तर गाडी कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून घडवता येते. एक मिलिमीटरची पांढरी पॉलिस्टायरिन शीट, धारदार कटर, पोलादी पट्टी आणि चौकटीचा कागद. सोलापूरला हा कागद अनोळखी नाही. जॅकार्डवर विणायच्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, एकेक घर भरत जातं, मग तिचे पुठ्ठे पाडले जातात आणि मागावर मोर उमटतो. मोटारीचं असंच आहे. बाजूचा आकार, पुढचा आकार, वरचा आकार अशी तीन चित्रं चौकटीवर उतरवली, आडवे छेद कापून बरगड्यांसारखे उभे केले आणि त्यांवर पुट्टी भरून घासत गेलं की छपराचं वळण हाताला सापडतं. एक नमुना नीट झाला की सिलिकॉनचा साचा करून रेझिनमध्ये त्याच्या प्रती ओतता येतात.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: खरी गाडी उभी असताना घेतलेली मापं. वालचंदांच्या नावानं सोलापुरात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालतं. वालचंदांच्या गावातल्या विद्यार्थ्यांनी वालचंदांच्या कंपनीची गाडी मोजून तिची संपूर्ण रेखाचित्रं केली, तर त्याहून योग्य अभ्यासप्रकल्प कोणता असेल? त्या रेखाचित्रांवरून कोणीही, कुठेही, कुठल्याही प्रमाणात पद्मिनी पुन्हा बांधू शकेल.

आणि वाचकांपैकी कोणाच्या वाड्यात, शेतावर किंवा गॅरेजच्या मागे फियाट किंवा पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला निरोप धाडण्याआधी एक रविवार तिला द्या. मीटर टेप, वही आणि मोबाईल एवढं पुरे. चारही बाजूंनी, गाडीपासून शक्य तितकं लांब उभं राहून सरळ फोटो काढा. दिव्याचा व्यास, दाराची रुंदी, काचेचा उतार, जाळीतल्या आडव्या पट्ट्यांची संख्या टिपून ठेवा. माळ्यावर काकांनी कधीकाळी आणलेलं अर्धवट किट सापडलं, तर त्यातला सूचनांचा कागद फेकू नका आणि टायर आजच वेगळे करा.

मोजायची सुरुवात पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत करा. ते २,३४० मिलिमीटर भरायला हवं.